तिसरी तार

एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडचं 'ड्रीम ऑन' गिटारवर वाजवताना माझी तिसरी तार मरते. गेल्या पावसाळ्यापासून तर्जनीच्या मधल्या सांध्याला सूज आहे. पहिल्या फ्रेटवर बोट आडवं टाकलं की बाकीच्या तारा दबतात, तिसरी नेमकी बोटाच्या घडीत सापडते. नुसतं 'खट्' वाजतं. एफ मायनरचा कोमल गंधार तिथेच आहे, अख्ख्या कॉर्डमध्ये एकदाच. तो गेला की गाण्यातलं दुखणंच जातं.

मुळात हे गाणं पियानोचं. बँडचा गायक स्टीव्हन टायलर याचे वडील शास्त्रीय पियानोवादक. लहानपणी हा त्यांच्या पियानोखाली पडून ऐकायचा. पियानोवर काळ्या पट्ट्या हाताखाली असतात. गिटारवर मात्र एफ मायनरच्या स्वरांत सहापैकी एकच तार मोकळी सोडता येते, बाकी सगळं दाबून. बँडच्या जो पेरी आणि ब्रॅड व्हिटफर्डने ते दोन गिटारींवर बसवलं, मग मीही हट्टाने बसवलं.

हल्ली स्पर्धांत मुलं या गाण्यातल्या शेवटच्या किंकाळीची तयारी करून येतात. सुरुवातीची गिटार लॅपटॉपवरून वाजते. मला याचा संताप येतो. 'स्वप्न बघत राहा' हे सांगायचा हक्क त्या संथ चढणीतून मिळतो. गाणंही असंच चढलं: १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५९व्या क्रमांकावर अडकलं होतं. पुन्हा काढल्यावर १९७६ मध्ये सहावं आलं.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, कॅपो लावू?" मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने सगळ्या तारा एकदम दाबणारा तो चिमटा पहिल्या फ्रेटवर लावला आणि ई मायनरचा आकार धरला. तिसरी तार मोकळी. कोमल गंधार स्वच्छ वाजला, आणि बोटं पुढे सरकली तरी मागे घुमत राहिला. तीस वर्षं मी तेच घुमणं बोटाखाली दाबून धरायला धडपडत होतो.

कॅपो म्हणजे कुबडी, असं मी वर्गात सांगत आलो. खरं तर मला अवघड वाजवताना दिसायचं होतं.

बारा वर्षांपूर्वी एक मुलगी हेच गाणं शिकायला आली होती. बोटं आखूड, तळवा अरुंद. चार महिने तिची तिसरी तार वाजली नाही. तिने कॅपोचं विचारलं. मी म्हणालो, "आधी बोट तयार कर." पुढच्या महिन्याची फी भरलेली होती, तरी ती आली नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एरोस्मिथने दौरे कायमचे थांबवले; टायलरचा दुखावलेला गळा पूर्ण बरा होणार नव्हता. ती बातमी मी दोनदा वाचली.

आता माझ्या गिटारच्या डोक्यालाही कॅपो अडकवलेला असतो. शिकवताना लावतो. सकाळी, क्लासच्या आधी, दार लोटून तो काढून ठेवतो आणि बोट आडवं टाकतो. दहातून एकदा तिसरी तार वाजते. वाजली की ती मुलगी आठवते.