पदवीची किंमत

वेतन घेऊन शिकविणारा आणि वेतन देऊन शिकणारा, या दोघांसही मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे. सारी हयात शाळेच्या पगारावर काढल्यामुळे आमचे पान तर केव्हाच उठले. आता घरातील तिसऱ्या पिढीचेही पान उठावयाचे, आणि तेही किती रुपयांस, एवढाच काय तो विचार उरला आहे. जून-जुलैच्या सुमारास मध्यम स्थितीच्या पुष्कळ घरांत हा विचार चालू असतो. आमच्या घरी तो यंदा इतका चालला की चातुर्मासाचे नेम ठरविण्याचेही कोणास भान राहिले नाही.

आमच्या पुतण्याची कन्या रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली. पुढे एम्. एस्सी. करावयाची याविषयी तिच्या मनात संदेह नाही आणि आमच्याही नाही. संदेह आहे तो स्थळाविषयी. एक वाट मिरजेहून सुमारे ५० किलोमीटरांवर असलेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. दुसरी पुण्याकडील एका खाजगी विद्यापीठाची, ज्याचे माहितीपत्रक लग्नपत्रिकेपेक्षाही गुळगुळीत कागदावर छापलेले आहे. पुतण्याने दोहोंचा हिशेब मांडला. शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके आणि जाणेयेणे धरून कोल्हापूरचा दोन वर्षांचा खर्च पावणेदोन लाखांच्या आत बसतो. पुण्याकडचा आठ लाखांवर जातो. एवढी रक्कम पदरी नाही, तेव्हा कर्ज काढणे आले. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पलीकडे गेले म्हणजे बँका सामान्यतः तारण मागतात, आणि आमच्या कुटुंबात तारण देण्याजोगी वस्तू एकच : मिरजेचे वडिलोपार्जित घर, जे कागदोपत्री आमच्या नावावर आहे. अशा रीतीने हा प्रश्न माजघरातून आमच्या टेबलावर आला.

पुतण्याचे म्हणणे थोडक्यात असे : "काका, आजकाल पदवी कोणती यापेक्षा ती कोठली, हे पाहतात. मुलीचा जन्म एकदाच. घर काय, कर्ज फिटले की सुटेल." हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. बाप आपल्या मुलीसाठी घर गहाण टाकावयास निघतो ही गोष्ट आमच्या आजोबांच्या काळी कोणी ऐकली नसती. त्या काळी घरे गहाण पडत ती हुंड्यासाठी. तेवढ्यापुरता काळ सुधारला असे आम्ही मनापासून मानतो. परंतु गणित ते गणित.

आठ लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेऊन सात वर्षांत फेडावयाचे म्हटले तर महिन्यास सुमारे १३,३०० रुपयांचा हप्ता पडतो. चौऱ्यांशी हप्त्यांची बेरीज अकरा लाख पंधरा हजारांच्या घरात जाते, आणि शिकत असतानाच्या काळाचे व्याज त्यात धरलेले नाही. आता जमेची बाजू. आमच्या हाताखालून गेलेल्या ज्या दोन मुलांनी अलीकडे रसायनशास्त्रात एम्. एस्सी. केले, त्यांचा पहिला पगार पंचवीस हजारांच्या आतलाच होता. एक औषधांच्या कारखान्यात गुणवत्तातपासणीच्या खात्यात लागला, दुसरा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. म्हणजे पगारातील अर्ध्याहून अधिक भाग हप्त्यात जाणार, आणि परगावी राहणाऱ्या मुलीने उरलेल्यात भाडे व जेवण भागवावयाचे. तसे पाहिले तर हप्ता बापच भरणार. मग कर्ज मुलीच्या नावे कशाला म्हणावयाचे?

यावर उत्तर असे येते की खाजगी विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्यास पगारच मोठा मिळतो. माहितीपत्रकात तो मोठ्या ठशात छापलेलाही आहे. आम्ही तो आकडा चष्मा पुसून दोनदा वाचला. तो 'सर्वोच्च' पगार होता. वर्गातील एका मुलास शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले म्हणून वर्ग हुशार ठरत नाही, हे शिक्षकास सांगावे लागत नाही. वर्गाची खरी स्थिती समजावयाची असेल तर सर्व मुलांस गुणानुक्रमे उभे करून मधल्याचे गुण पाहावेत. तो मधला पगार पत्रकात कोठेच नव्हता. शिवाय तो सर्वोच्च मान संगणकशाखेच्या विद्यार्थ्याचा होता. त्याचा रसायनशास्त्राच्या वर्गाशी संबंध एवढाच की दोघांच्या वसतिगृहाचे फाटक एक. आम्ही पुतण्यास सांगितले की त्यांस पत्र लिहून तीन गोष्टी विचार : गेल्या वर्षी एम्. एस्सी. रसायनशास्त्रास विद्यार्थी किती होते, त्यांपैकी नोकरीस किती लागले, आणि मधल्याचा पगार काय. उत्तरादाखल एका तरुणीचा अत्यंत गोड आवाजात दूरध्वनी आला आणि प्रवेशाची मुदत संपत आल्याचे तिने कळविले.

आता कायद्याची गोष्ट. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांस, अभिमत संस्थांस आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांसच आहे. या कसोटीस कोल्हापूरही उतरते आणि पुण्याकडचे ते खाजगी विद्यापीठही उतरते. म्हणून राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा असो वा अध्यापकपदासाठीची नेट किंवा सेट असो, अर्ज भरताना दोन्ही पदव्यांचे वजन सारखेच. ज्या मुलीस पुढे अध्यापन, संशोधन किंवा सरकारी सेवा यांकडे जावयाचे आहे, तिचा निवाडा बव्हंशी त्या परीक्षाच करतात. दाराशी उभ्या असलेल्या मोटारगाड्या पाहून कोणी गुण देत नाही. खाजगी कारखान्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे ओळख, इंग्रजी बोलण्यातील सफाई आणि मुलाखतीस आवारात येणाऱ्या कंपन्या यांस महत्त्व आहे, आणि या बाबतीत पुण्याची बाजू जड आहे हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

सार्वजनिक विद्यापीठांची दैन्यावस्था झाकण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रातील या विद्यापीठांत अध्यापकांच्या पुष्कळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि त्यांवर तासांच्या हिशेबाने माणसे नेमून काम भागविले जाते. दोन तासांसाठी येऊन तिसऱ्या गावी पळणाऱ्या गृहस्थास विद्यार्थ्याची शंका ऐकण्यास सवड कोठून असणार? निकालांची रड तर सर्वश्रुत आहे. आमच्या एका विद्यार्थिनीस नोकरीची नेमणूक हातात आली असताना तिच्या विद्यापीठाची गुणपत्रिका वेळेवर न आल्यामुळे ती जागा गमवावी लागली. ते विद्यापीठ कोणते हे येथे सांगत नाही. पण त्या मुलीचा चेहरा आठवला म्हणजे "सरकारी आहे, चालायचेच" हे वाक्य आम्हांस सहन होत नाही.

असे असूनही आमचा कौल कोल्हापूरकडे पडला. त्याचे कारण केवळ काटकसर नव्हे.

आमच्या समाजात कोल्हापूरच्या विद्यापीठाविषयी एक अढी आहे, ती बोलून दाखविलेली बरी. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीजवळ विलिंग्डन कॉलेज काढले त्याचा आमच्या वडीलधाऱ्यांस केवढा अभिमान! पण १९६२ च्या १८ नोव्हेंबरास कोल्हापुरात विद्यापीठ निघाले, तेव्हापासून आजतागायत "ते आपले आसपासच्या मुलांसाठी" असे म्हणण्याची रीत पडली आहे. आसपासच्या मुलांसाठी नव्हे तर कोणासाठी असावे? त्यापूर्वी या भागातील महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठास आणि १९४९ पासून पुणे विद्यापीठास जोडलेली होती. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या १८६२ च्या पहिल्या बी. ए. पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर होते. लंडनच्या धर्तीवर काढलेले ते विद्यापीठ प्रारंभी मुख्यतः परीक्षा घेणारेच होते. शिकवीत ती महाविद्यालये. आज त्यास कोणी हिणवीत नाही, कारण त्यावर काळाची पुटे चढली आहेत. कोल्हापूरच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे व्यासंगी. सागरमाळाच्या ओसाड जागेवर त्यांनी आठशेहून अधिक एकरांचा संसार मांडला, आणि गरीब विद्यार्थ्यास काम करून शिकता यावे म्हणून जी व्यवस्था तेथे झाली ती त्यांच्या नावाने आजही चालू आहे. २०२१ साली नॅकने या विद्यापीठास 'ए प्लस प्लस' ही श्रेणी दिली. श्रेणीवर आमचा फारसा भरवसा नसतो. परंतु माहितीपत्रकातील प्रशस्तीपेक्षा बाहेरून आलेल्या परीक्षकाचा शेरा बरा.

'स्वस्त' हा शब्दही आम्हांस खटकतो. विद्यापीठातील विभागात एक रसायनशास्त्रज्ञ तयार करण्यास जो खर्च येतो तो पावणेदोन लाखांत भागत नाही. अध्यापकांचे वेतन, प्रयोगशाळेची उपकरणे, ग्रंथालय यांचा मोठा भार सरकारी खजिन्यावर पडतो; म्हणजे ऊस लावणारा शेतकरी, इचलकरंजीचा मागवाला आणि आमच्या गल्लीतील किराणा दुकानदार यांनी भरलेल्या करावर. आमच्या नातीच्या शिक्षणाचा उरलेला भाग त्यांनी उचललेला आहे. खाजगी विद्यापीठ तो भाग आमच्याकडूनच वसूल करते, आणि वर फाटकावरील कमानीचेही पैसे घेते. एकास स्वस्त आणि दुसऱ्यास महाग म्हणण्यापेक्षा पहिल्यात पुष्कळांचा वाटा आहे असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, कारण पुष्कळ पालकांचा याच ठिकाणी घोटाळा होतो. विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आणि विद्यापीठास संलग्न असलेले एखादे आडगावचे महाविद्यालय, या दोहोंच्या पदवीवर शिक्का एकच असतो. पण शिक्षण एकच असते असे नाही. विभागात संशोधन करणारे अध्यापक असतात, पीएच्. डी. चे विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत असतात, आणि नवशिक्यास त्यांच्या खांद्यावरून पाहता पाहता जे समजते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. म्हणून नुसते विद्यापीठाचे नाव विचारून भागत नाही. वर्ग कोणत्या इमारतीत भरणार हेही विचारावे. व्यावसायिक अभ्यासक्रमांविषयी आणखी एक गोष्ट. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांच्या मुलींस महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून अशा अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही सवलत खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांस लागू केलेली नाही. आमच्या नातीच्या अभ्यासक्रमास तिचा उपयोग नाही. पण अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलींच्या पालकांनी कर्जाचा कागद हाती घेण्यापूर्वी हा नियम अवश्य वाचावा.

शिवाजी विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानमेवामृतम्' असे आहे. त्यातील 'एव' हे अव्यय अवधारणार्थी. ज्ञान हेच अमृत, दुसरे नव्हे. आम्ही नातीस हे समजावून देऊ लागलो तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, अमृत पिणाऱ्यांना खानावळीचे बिल येत नसावे." उत्तर आम्हांस सुचले नाही. पुणे विद्यापीठाने आपल्या ब्रीदात जो कृती करतो त्यास पंडित म्हटले आहे; मुलीचा ओढा त्या बाजूस दिसतो आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीस तो शोभतोही.

शेवटी निर्णय तिनेच घ्यावा असे ठरले. आम्ही तिच्या बापास एवढेच स्पष्ट सांगितले की तिने पुणेच निवडले तर घराच्या कागदावर सही करू, मात्र ते हिशेबाचे पान सहीपूर्वी तिने स्वतःच्या हाताने उतरून काढावे. तिने ते उतरले. मग एके दिवशी एकटीच कोल्हापुरास जाऊन विभाग पाहून आली, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दोघी मुलींशी बोलली, आणि बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाच्या ग्रंथालयात तासभर बसली. परत आल्यावर तिने सांगितले की कोल्हापूर घेते, परंतु वाचलेल्या पैशांतून इंग्रजी संभाषणाचा एक वर्ग आणि सुट्टीत पुण्यास एखाद्या कारखान्यात दोन महिने उमेदवारी, एवढे मिळाले पाहिजे. मागणी रास्त होती. सौभाग्यवतींनी ती तत्काळ मंजूर केली आणि आमच्या निवृत्तिवेतनातून तिची तरतूदही करून टाकली. आमचे मत नंतर विचारले.

आता वाद उरला आहे तो मिरजेहून रोज गाडीने जावे की वसतिगृहात राहावे याचा. पुतण्या पासाचे पैसे काढून दाखवितो आणि ते थोडे आहेत हे खरे. परंतु सकाळची गाडी वेळेवर सुटेल असे धरून चालणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे, आणि प्रयोगशाळेतील द्रावण काही आपली वाट पाहत थांबत नाही. तेव्हा वसतिगृहाचा अर्ज आम्ही आजच तिच्याकडून भरवून घेतला आहे.