कसबे राजापूरची खानेसुमारी

अर्जुना नदीच्या काठी, खाडीच्या भरतीचे पाणी जेथवर चढत असे त्या टोकाशी, चहूंकडून डोंगरांनी वेढलेले आमचे कसबे राजापूर १९०१ साली पाच हजारांहून थोड्याच अधिक वस्तीचे होते, आणि २०११ च्या जनगणनेत ते दहा हजारही भरले नाही. त्याआधीच्या, २००१ च्या, गणतीत दहा हजारांचा उंबरठा एकदाचा ओलांडला होता. पुढच्या दहा वर्षांत गाव पुन्हा अलीकडे आले. याच एकशेदहा वर्षांत देशाची लोकसंख्या चोवीस कोटींवरून एकशेएकवीस कोटींवर गेली. कोणास जुन्या नाण्यांचा नाद असतो तसा मला या एका आकड्याचा नाद लहानपणापासून आहे, आणि दर दहा वर्षांनी तो प्रसिद्ध होईपर्यंत मला चैन पडत नाही.

हा नाद वडिलांकडून आला. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि मास्तर म्हटला की खानेसुमारीचे काम मामलेदार कचेरीतून त्याच्या गळ्यात पडायचेच. १९३१ ची गणती एका रात्रीत उरकण्याची होती. फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेस कंदील हाती घेऊन ते घरोघर हिंडले, आणि त्या रात्री जो इसम जेथे सापडला तेथलाच तो धरला गेला. १९५१ साली पद्धत बदललेली होती. आता 'नेहमीचा रहिवास' पाहावयाचा होता, काम दोन-तीन आठवडे चालणार होते, आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा व शाईची दौत सांभाळीत मी वडिलांच्या मागून बाजारपेठेच्या उतारावरून फिरत होतो. चौकटीवर डांबराने घातलेला क्रमांक पडताळायचा, ओटीवर बैठक मारायची, आणि घरातल्या कर्त्या पुरुषास हाक घालायची; परंतु कर्ता पुरुष बहुधा नसेच. दाराआडून बाई उत्तर देई. नवऱ्याचे नाव तिने उच्चारावयाचे नाही, म्हणून ते शेजारचा पोर सांगे. एका घरी बाईने पाच माणसे मोजून दाखविली आणि "मुंबईस तिघे आहेत, ते मांडा" असा आग्रह धरला. येथे राहतात तेवढेच मांडायचे असा सरकारचा नियम आहे, असे वडिलांनी समजावून सांगताच ती उसळून म्हणाली, "मग काय ते मेले की काय हो, गुरुजी?" वडिलांनी नियमाप्रमाणे पाचच मांडले. त्या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते आणि गणतीच्या चिठ्ठीवर त्यासाठी रकानाही नव्हता.

राजापूरचा इतिहास सांगू लागले म्हणजे लोक १६६१ पाशी येऊन थांबतात, आणि ते स्वाभाविक आहे. आदिलशाहीच्या अंमलात हे नामांकित बंदर होते. अणस्कुरा घाटाने बैलांच्या पाठीवरून उतरलेला घाटमाथ्यावरचा माल येथे गलबतांवर चढे, मिरी, वेलदोडे आणि कापड यांचा व्यापार चाले, अरबस्तानाशी थेट ये-जा असे, आणि या व्यापाराच्या लोभानेच सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी येथे वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्याच वखारीच्या इंग्रजांनी सिद्दी जौहराच्या बाजूने तोफा डागल्या, तेव्हा पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापुरावर चालून येऊन वखार खणून काढली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांना कैदेत टाकले; त्यांची सुटका १६६३ साली झाली. पोवाड्यास शोभावी अशीच ही हकिकत आहे. परंतु माझ्या मते राजापूरचे भवितव्य ठरविणारी घटना ही नव्हे. ती घडली हळूहळू, कोणाच्या नजरेत न भरता, आणि तिची तारीख कोणत्याच बखरीत सापडावयाची नाही: डोंगरांवरची माती पावसागणिक खाली येत गेली, खाडी गाळाने उथळ झाली, मोठी गलबते खाली जैतापुराशीच थांबू लागली. वखारीच्या दगडी इमारतीत सरकारी कचेरी बसली. जकातीवर जगणारे शहर कज्जे आणि मुद्रांक यांवर जगू लागले, तेव्हाच त्याची वाढ खुंटली असे समजावे. गाळाची आठवण अर्जुना आणि कोदवली अजून दर पावसाळ्यात करून देतात. जवाहर चौकात पाणी शिरले की व्यापारी मुकाट्याने माल माळ्यावर चढवू लागतात.

मिरी निर्यात करणारे गाव पुढे माणसे निर्यात करू लागले. मॅट्रिक होताच मीही त्या मालात सामील झालो. जैतापुराहून पडावात बसून आगबोट गाठली आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून परळच्या चाळीतल्या गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी ठेवली. पाळीप्रमाणे निजणारे गिरणीकामगार, भिंतीशी उतरंडीसारख्या रचलेल्या ट्रंका, आणि महिन्याच्या पगाराला मनीऑर्डरीचे फॉर्म भरून घेण्यासाठी माझ्याभोवती जमणारी मंडळी, यांत १९६१ चा गणक आला आणि जन्मस्थान विचारून गेला. खोलीतल्या सगळ्यांनी एकामागून एक राजापूर तालुक्यातलीच गावे सांगितली. १९७१ साली 'यापूर्वीचा रहिवास कोठे' हा प्रश्न वाढला आणि १९८१ साली स्थलांतराचे कारणही विचारण्यात आले. मी 'नोकरी' असे सांगितले. उत्तर खोटे नव्हते. पण खाडीतला गाळ, भावाभावांत वाटून वाटून चटईएवढी झालेली वरकस जमीन आणि गिरणीचा भोंगा हे सारे त्या एका शब्दात कोंबावे लागले.

निवृत्तीनंतर मी गावी परतलो, आणि तेव्हापासून माझी गणती पुन्हा येथे होते. माझे म्हणणे एवढेच आहे की राजापूर वाढले नाही असे म्हणणे अर्धसत्य आहे. ते वाढले, पण ती वाढ दुसऱ्याच शहराच्या खाती जमा झाली. गणती फेब्रुवारीत होते. गाव भरलेले पाहावयाचे तर गणपतीत यावे, शिमग्यात यावे, किंवा उन्हाळे गावची गंगा आपल्या लहरीप्रमाणे अवतरते आणि चौदा कुंडांवर स्नानाला झुंबड उडते तेव्हा यावे. २०११ च्या गणतीत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या, त्याचा अर्थ दाराआडून बोलणाऱ्या त्या बाईने वडिलांना १९५१ सालीच सांगून ठेवला होता. कोकण रेल्वे आली तेव्हा माणसे परत येतील असे पुष्कळांना वाटले होते. स्थानक झाले गावापासून दूर, आणि गाडीने येणे जितके सुलभ केले त्याहून जाणे अधिक सुलभ केले.

गंमत अशी की २०११ च्या त्याच गणतीत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची वस्ती घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. ज्या परळ-लालबागेने आमची माणसे नेली तिलाही ती ठेवता आली नाहीत. गिरण्या बंद पडल्या, खोल्या विकल्या गेल्या, आणि राजापूरकर डोंबिवली, विरार, कल्याण असे पांगले. त्यांच्या मुलांचा जन्म तेथलाच. ती आपले जन्मस्थान अर्थातच तेथलेच सांगणार, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. जे अजून हयात आहेत आणि या कसब्यात जन्मले आहेत, अशा मुंबईकरांस माझी विनंती आहे: जन्मस्थान विचारल्यावर घाईघाईने नुसते 'रत्नागिरी' सांगून मोकळे होऊ नका. गणकाला थांबवा, गावाचे नाव सांगा, आणि त्याने ते नीट लिहून घेतले की नाही हे पाहून मगच त्याला सोडा.