उंबऱ्याबाहेरचा जीव

मला मांजराची ॲलर्जी आहे, ही गोष्ट मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळली. तोपर्यंत कळण्याचे काही कारणच नव्हते. आमच्या घराण्यात कधी कोणी मांजर पाळले नाही. वडिलांच्या दुकानात धान्याच्या पोत्यांमागे मांजरे येत-जात असत. पण ती दुकानाची, घराची नव्हेत. पुढे बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने गावोगावी भाड्याच्या घरांत राहिलो. जुन्या फाइलींची कपाटे उघडली की शिंका येत. त्याला आम्ही ‘सर्दीची प्रकृती’ असे नाव देऊन मोकळे होत असू.

निवृत्त होऊन तीन वर्षे झाल्यावर एका दिवाळीत आम्ही उभयता नगरहून पुण्याला मुलीकडे आठ दिवस राहायला गेलो. पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये भिजत पडलेले एक मांजराचे पिल्लू नातीने घरी आणले होते. रंगावरून त्याचे नाव ‘चिकू’ ठेवले होते. एव्हाना तो घरातल्या सोफ्याचा मालक झाला होता.

पहिल्या रात्री नाक चोंदले. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, खाजू लागले. मी कोणाला काही बोललो नाही. मुलीच्या घरी पाण्याचा घोटही जपून घ्यावा, असे मानणाऱ्या पिढीत मी वाढलो. जावयाच्या घरी जाऊन तक्रार कशी करायची? प्रवासाची दगदग, फटाक्यांचा धूर अशी कारणे सांगत राहिलो. तिसऱ्या रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि श्वास अपुरा पडू लागला. जावयांनी रात्री दोन वाजता रुग्णालयात नेले. नेब्युलायझरची वाफ दिल्यावर तासाभराने जीव थाऱ्यावर आला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात पाळीव प्राणी आहे का?”

सकाळी घरी आल्यावर, तीन दिवस जे तोंडात दाबून धरले होते ते एकदम बाहेर पडले. मी मुलीला म्हणालो, “या घरात एक तर ते मांजर राहील, नाही तर मी.” दाराआड सात वर्षांची नात उभी होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. थोड्या वेळाने ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “नानाजी, तुम्ही ज्या पांजरपोळाला पैसे पाठवता ना, तिथे मांजरे घेतात का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दर वर्षी पर्युषणात जीवदयेची पावती फाडणारा मी. भटक्या कुत्र्यांची होणारी हत्या थांबावी या कळवळ्यातून १८३४ साली मुंबईत पांजरपोळ उभा राहिला, ही गोष्ट तिला मीच अभिमानाने सांगितली होती. त्याच दिवशी दुपारी आम्ही नगरला परतलो.

त्यानंतर चौदा महिने आम्ही त्या घराची पायरी चढलो नाही. मुलगी दोनदा नगरला येऊन गेली. विषय कोणीच काढला नाही. पण नात मात्र ‘परीक्षा आहे’ म्हणून आली नाही. दुसऱ्या भेटीत मुलीची शाल घडी करून ठेवताना मला सलग शिंका आल्या. चिकू एकशेवीस किलोमीटर दूर होता, तरी त्याचे काहीतरी तिच्या शालीबरोबर आमच्या घरात आले होते. ते काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. माहेरी यायलाही तिला आता भीती वाटावी, अशी वेळ मी आणली होती.

अशातच सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. ती पुण्यात होणार होती आणि त्यानंतर तीन आठवडे फिजिओथेरपीसाठी तिथेच राहणे आवश्यक होते. हॉटेलात किंवा धर्मशाळेत हे होण्यासारखे नव्हते. मुलीने फोन केला, “पप्पा, मी चिकूला महिनाभर मैत्रिणीकडे ठेवते. तुम्ही या.” मला हायसे वाटले. तरीही, एकदा पोळलेला मनुष्य म्हणून, मी आधी ॲलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी हातावर थेंब टाकून, सुईने हलकेच टोचून चाचणी केली. पंधरा-वीस मिनिटांत मांजराच्या थेंबाच्या जागी चांगलीच गांध उठली. मग त्यांनी जे समजावून सांगितले, त्याने माझे अनेक समज पुसले गेले. मी मांजराच्या केसांना दोष देत होतो. खरा दोष केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत एक प्रथिन तयार होते. शास्त्रात त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मांजर अंग चाटून स्वच्छ करते तेव्हा ते केसांवर वाळते आणि कोंड्याच्या सूक्ष्म कणांबरोबर उडते. यातील काही कण इतके बारीक असतात की ते तासन्‌तास हवेत तरंगतात. ते भिंतींना, पडद्यांना, गाद्यांना आणि कपड्यांना चिकटतात. मुलीच्या शालीचे कोडे तिथे सुटले. ‘ॲलर्जी न करणारी जात’ म्हणून जी मांजरे विकली जातात, त्यांच्यातही हे प्रथिन थोडेबहुत असतेच.

शेवटी मी मुलीची योजना सांगितली. ते म्हणाले, “मांजर घराबाहेर काढले तरी हे कण घरातून कमी व्हायला कित्येक महिने लागतात. महिनाभर त्याला दुसरीकडे ठेवून तुम्हाला फारसा उपयोग होणार नाही. त्यापेक्षा तुमची एक खोली नीट सांभाळा.”

परतीच्या बसमध्ये मी बराच वेळ या वाक्याचा विचार करीत होतो. ज्या हट्टापायी मी लेकीचे आणि नातीचे मन दुखावले, तो हट्ट पुरवला गेला असता तरी त्या दिवाळीत माझा श्वास सुटला नसता. मी रागाने जे मागितले, त्यात कोणाचेच हित नव्हते.

मुलीला मी कळवले, चिकूला कुठेही पाठवायचे नाही. मग आम्ही फोनवर बसून सर्व तयारी ठरवली. कर्ज बुडाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच तरतूद करून ठेवावी, हे बँकेत मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो होतो. स्वतःच्या बाबतीत ते प्रथमच केले.

आम्ही जाण्याच्या दोन आठवडे आधी आतली एक खोली चिकूला बंद झाली. तिथला गालिचा आणि जाड पडदे काढले. भिंती ओल्या फडक्याने पुसल्या. गादी-उशांना नवी आवरणे घातली. चादरी गरम पाण्यात धुतल्या. केरसुणीने कण पुन्हा उडतात, म्हणून फरशी फक्त ओल्या फडक्याने पुसायची असे ठरले. हेपा फिल्टर असलेले हवा शुद्ध करणारे यंत्र आणून दार बंद ठेवून ते अहोरात्र चालू ठेवले. चिकूचे केस विंचरण्याचे आणि त्याची मातीची पेटी साफ करण्याचे काम जावयांनी स्वतःकडे घेतले, तेही गॅलरीत. त्याला वरचेवर आंघोळ घालण्याचा सल्ला कोणी कोणी दिला होता. पण त्याचा परिणाम थोडेच दिवस टिकतो आणि त्या जिवाला भीती वाटते ती वेगळीच. ते आम्ही केले नाही.

इकडे माझी तयारी. नाकात मारायचा औषधी फवारा दोन आठवडे आधी सुरू केला, कारण त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. दम्यासाठी रोजचा इन्हेलर आणि अडचणीच्या वेळेसाठी वेगळा इन्हेलर दिला होता. गोळीबाबत माझा प्रश्न निराळा होता. मी चौविहार करतो, त्यामुळे ‘रात्री झोपताना एक’ ही मात्रा मला चालत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी दिवसातून एकदाच घ्यायची, झोप कमी आणणारी गोळी दिली आणि ती सूर्यास्तापूर्वी घेण्याची मुभा दिली. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी मिळू शकेल का, हेही विचारले, मिळाली. आपल्यातील अनेक जण संकोचाने हे विचारत नाहीत आणि मग औषधच टाळतात. रात्री श्वास अडलाच, तर पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेला आहेच. त्याचा आधार घेण्यात कमीपणा नाही. नाक धुण्यासाठी मिठाचे पाणी वापरायचे, तर ते उकळून थंड केलेलेच हवे, असे डॉक्टरांनी बजावले. त्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. पक्के पाणी आमच्याकडे रोजच असते.

प्रत्येकाची प्रकृती निराळी असते, म्हणून माझी औषधे कोणी तशीच उचलू नयेत. दमा असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे धाडसच करू नये.

मार्गशीर्षात आम्ही पुण्याला पोहोचलो. खोलीच्या दारावर नातीने रंगीत खडूंनी लिहिलेला कागद चिकटवला होता : ‘चिकूला आत येण्यास मनाई आहे. चिकू, रागावू नकोस.’ माझ्याकडे येण्याआधी ती हात धुई, फ्रॉक बदले आणि मगच पलंगावर बसे. तिला हे कोणी सांगितले, असे विचारले तेव्हा म्हणाली, “मम्मीने एकदाच सांगितले.” सौ. दुपारी वॉकर घेऊन हॉलमध्ये बसत असे. चिकू तिच्या मांडीवर चढे. साडी बदलणे तिला जड होते, म्हणून मांडीवर जुनी चादर पसरून ठेवली जाई आणि उठताना ती तिथेच सोडली जाई. मी हॉलमध्ये जाताना मास्क लावी. सामायिकात हवेतील जिवांना माझ्या श्वासाचा उपद्रव होऊ नये म्हणून मुखवस्त्रिका बांधतो. इथे हवेतील कणांचा मला उपद्रव होऊ नये म्हणून मास्क. दोन्ही बाजूंनी सांभाळायचे ते एकच, हे मनात येऊन मला हसू आले.

मांजराच्या आहाराचा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात आला असेलच. मांजर जन्मतःच मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचे पोषकद्रव्य त्याला आहारातून मिळावेच लागते, नाही तर डोळे आणि हृदय निकामी होते. त्याला दूध-पोळीवर ठेवणे ही दया नव्हे. मुलगी त्याचे तयार खाद्य स्वयंपाकघराबाहेर, गॅलरीत, वेगळ्या भांड्यात देते. ॲलर्जीचे प्रथिन निष्प्रभ करणारे एक खाद्यही विदेशात निघाले आहे. पण त्यात कोंबडीच्या अंड्यातील घटक वापरतात, म्हणून तो मार्ग आमच्यासाठी मी बाजूला ठेवला. मुळात असा प्राणी आपण होऊन विकत आणावा, असे मी कोणाला म्हणणार नाही. परंतु पावसात मरायला टेकलेला जीव एका मुलीने उचलून आणल्यावर त्याला परत टाकून द्या, असेही आता माझ्याने म्हणवत नाही. हा पेच मला पूर्ण सुटलेला नाही.

सर्व काही सुरळीत झाले असे नाही. सकाळी आठ-दहा शिंका रोज येतच. अकराव्या रात्री मी पाणी आणायला बाहेर गेलो, सौ.ला गोळी घ्यायची होती, आणि परतताना दार नीट लोटले नाही. पहाटे तीन वाजता श्वास जड होऊन जाग आली, तर खुर्चीवरच्या माझ्या शालीत चिकू गोल होऊन झोपलेला. इन्हेलर घेतला, खिडकी उघडून बसलो. थोड्या वेळाने आराम पडला. सकाळी नात घाबरून रडू लागली. मी तिला जवळ घेऊन सांगितले, “दार मी उघडे ठेवले होते, चिकूने नाही.” शाल धुवायला गेली आणि प्रकरण मिटले. पहिल्या खेपेला याच गोष्टीवरून मी घर डोक्यावर घेतले असते.

त्या तीन आठवड्यांत मला जयणेचा अर्थ नव्याने समजला. दशवैकालिक सूत्रात चालण्या-बसण्यापासून बोलण्यापर्यंत प्रत्येक क्रियेला जयणेची जोड दिली आहे. आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, जमीन पुंजतो आणि जयणा पाळली असे मानतो. बोलण्यातली जयणा मात्र राहून जाते. मी आधी तीन दिवस गप्प राहिलो आणि मग एका वाक्यात सगळे तोडून टाकले. त्या मौनाला मी सभ्यता समजत होतो. वास्तविक मुलीवर विश्वास टाकण्याचे मी टाळले होते. पहिल्याच रात्री ‘मला त्रास होतो आहे’ एवढे म्हटले असते, तर रुग्णालय, रुसवा आणि चौदा महिन्यांचा दुरावा यांतले काही घडले नसते.

आज आपल्या कितीतरी घरांत मुले कुत्री-मांजरे पाळतात आणि आई-वडील तिथे महिना-महिना राहायला जातात. जाणाऱ्याने आपला त्रास आधी सांगावा. बोलावणाऱ्याने आधी विचारावा. एक स्वच्छ, बंद खोली आणि दोन आठवड्यांची तयारी एवढ्याने पुष्कळ काही साधते. ज्याला तेवढ्यानेही साधत नाही, त्याने खुशाल जवळपास वेगळी सोय पाहावी. त्यात कोणी अपमान मानू नये.

पुढच्या संवत्सरीला मी मुलीला फोन करून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले आणि मग नातीला फोन द्यायला सांगितला. दाराआडून ऐकलेल्या त्या वाक्याबद्दल तिची क्षमा मागितली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “नानाजी, दिवाळीला या. पाटी अजून दारावर आहे.”

आम्ही गेलो.