आधी प्रिंटर, मग सर्व्हर

"प्रिंट सर्व्हर बसवायचाय, रॅम किती लागेल?" ऑफिसचा मालक फोनवर पहिलं हेच विचारतो. मी रॅमचं नाव न काढता प्रिंटरचं मॉडेल विचारतो. प्रिंटर नवा असेल, नेटवर्कवर स्वतः बसणारा आणि मोबाइलवरूनही छापणारा असेल, तर चार-पाच जणांच्या ऑफिसात सर्व्हर घेऊच नका असं सांगून मोकळा होतो. धंद्याच्या दृष्टीने हा शहाणपणा नव्हे, पण पुढचे फोन वाचतात.

खरी गंमत जुन्या यंत्रांची. आपल्याकडे सीएंची, वकिलांची ऑफिसं वर्षानुवर्षं दोन प्रिंटरांवर चालत आली आहेत : एचपी लेसरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९००. दोन्ही दणकट, दोन्ही फक्त यूएसबीचे, आणि दोघांनाही डोकं असं जवळजवळ नाहीच. पान कसं दिसायचं हे कॉम्प्युटरने ठरवायचं, ठिपक्यांमध्ये मांडायचं आणि तयार माल प्रिंटरकडे ढकलायचा. १०२० तर स्वतःचं फर्मवेअरसुद्धा लक्षात ठेवत नाही. वीज गेली की पाटी कोरी. पुन्हा चालू झाला की कॉम्प्युटरने ते परत भरायचं. संध्याकाळी शिपाईमामा कुलूप लावण्याआधी बोर्डावरची सगळी बटणं बंद करतात. त्यामुळे सकाळी प्रिंटर चालू झाल्या झाल्या, कुणी न सांगता हे भरण व्हायला हवं. मी सर्व्हर बसवला की पहिली परीक्षा तीच : प्रिंटर बंद, पुन्हा चालू, आणि की-बोर्डला हात न लावता एक पान.

२९०० ची अडचण वेगळी. त्याची भाषा कॅननची स्वतःची, 'कॅप्ट' नावाची. लिनक्ससाठी कंपनीचा ड्रायव्हर आहे, पण तो इंटेल-एएमडी घराण्याच्या प्रोसेसरसाठी. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर एआरएम, तिथे तो चालत नाही. हौशी मंडळींनी लिहिलेला पर्यायी ड्रायव्हर आहे, घरी मीही वापरीन. पण जीएसटीचं रिटर्न भरायच्या २० तारखेला सीएच्या ऑफिसात त्याच्या भरवशावर बसायची माझी छाती नाही. म्हणून पाय कितीही स्वस्त आणि गोंडस असला तरी अशा ठिकाणी तो बाद. शिवाय तो सहसा एसडी कार्डावर चालतो. छपाईची प्रत्येक फाइल आधी त्या कार्डावर उतरते, आणि लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड राम म्हणू शकतं.

आता रॅम. ए-फोर पान ६०० डीपीआयला म्हणजे साधारण साडेतीन कोटी ठिपके. काळं-पांढरं असेल तर एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे पान चार एमबीच्या थोडं वर. चार रंगांत, प्रत्येक रंगाला आठ बिट धरले तर तेच पान १४० एमबीच्या घरात जातं. वकिलाच्या दाव्याला ४ जीबी रॅम रग्गड झाली. आर्किटेक्टच्या रंगीत नकाशांना हा हिशेब लावू नये.

मी बहुधा ऑफिसांनी काढून टाकलेला छोटा डेस्कटॉप किंवा थिन क्लायंट घेतो. पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली की असा माल मिळतो. त्यात लहानशी एसएसडी. पंखा नसला तर उत्तम, कारण सर्व्हर हटकून फायलींच्या कपाटावर, धुळीतच जाऊन बसतो. प्रोसेसरच्या वेगापेक्षा बायोसमधली एक ओळ मला जास्त मोलाची वाटते : वीज परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं. ही सोय नसलेलं मशीन फुकट दिलं तरी घेत नाही. सर्व्हर आणि नेटवर्कचा स्विच यूपीएसवर. लेसर प्रिंटर मात्र कधीच नाही. शाई पक्की करणारा त्याचा रूळ तापताना एकदम एवढी वीज ओढतो की छोटा यूपीएस किंचाळून बसतो.

ऑपरेटिंग सिस्टिमवरून वाद घालायला लोकांना आवडतं. मी बहुतेक ठिकाणी डेबियन लिनक्स आणि त्यावर छपाई सांभाळणारं कप्स टाकतो. मायकल स्वीट यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलेली ही प्रणाली अ‍ॅपलने २००२ मध्ये मॅकमध्ये घेतली. तेव्हा ती कच्ची नाही. साध्या विंडोजवर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. विंडोजच्या छपाईत २०२१ मध्ये सापडलेल्या 'प्रिंटनाइटमेअर' या सुरक्षेतल्या भोकानंतर ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागू लागला, आणि नव्या क्लार्कच्या टेबलावर तो टाकायला प्रत्येक वेळी मलाच बोलावणं. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे 'आहे तोच जुना पीसी वापरू' हेही गेलं. पण कप्स म्हणजे सोवळ्यातलं असं नाही. २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्या 'कप्स-ब्राउझ्ड' या जोडीदारात भोकं सापडली. मी तो भाग बंदच ठेवतो. आणि ऑफिसात विंडोज उत्तम जाणणारा माणूस कायमचा असेल, तर मी विंडोजच बसवतो. बिघडल्यावर मी तिथे नसणार, तो असणार.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र सर्व्हरवर आणू नये. टॅलीची तीन प्रतींची चलनं ज्या टेबलावर निघतात, तिथल्याच कॉम्प्युटरला तो जोडलेला बरा. कागद सरकला तर हाताने चाक फिरवणारा माणूस शेजारी हवा.

शेवटी एक सेटिंग. कप्स छापून झालेल्या फाइलीही मुळात दिवसभर जपून ठेवतं. पगारपत्रकं छापणाऱ्या ऑफिसात मी ते बंद करतो. मालकांचा लगेच प्रश्न : "मग कोणी काय छापलं ते कळणार कसं?" पानांची नोंद चालू केली तर नाव, वेळ, पानं सगळं कळतं. कामाच्या नावात फाइलचं नावही येतं, आणि 'बायोडेटा-नवा' ही फाइल मालकाने त्या यादीत वाचावी असं मला वाटत नाही. म्हणून नोंदीतून तो रकाना मी काढून टाकतो. पानं आणि माणूस, एवढंच ठेवतो.