मी तिला दोन मिनिटं दिली

नालासोपारा पूर्वेला आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन हे सांभाळतात, ऑनलाइन फॉर्म मी भरून देते. आधार, पॅन, शाळाप्रवेश, आणि सगळ्यात जास्त पासपोर्ट. चौदा वर्षं हे काम केल्यावर अर्ज भरायला आलेल्या माणसाकडे पाहूनच तो कुठे निघालाय ते मला कळतं, असं मला वाटायचं. कामासाठी निघालेला पुरुष दिसला की मी नीट माहिती द्यायचे. शिकायला निघालेला मुलगा दिसला की खुर्ची पुढे करायचे. घरकामासाठी आखातात निघालेली बाई दिसली की मात्र माझा चेहरा बदलायचा. तो बदलतो हे तेव्हा माझ्या लक्षातही येत नव्हतं.

अशा बायकांबद्दल माझं मत ठरलेलं होतं. ती एक तर भोळी असणार, नाहीतर पैशाला भुललेली. लहान मुलं मागे ठेवून परक्या घरी भांडी घासायला समुद्रापार जायचं, तर घासायला इथे भांडी कमी आहेत का? हे मी कुणाला तोंडावर म्हटलं नाही. मनात मात्र प्रत्येक वेळी म्हटलं.

माझ्या या मताला नियमाचाही आधार होता. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ हा शेरा येतो. असा पासपोर्ट असलेल्या माणसाला 18 ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचं असेल, तर आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. आखातातले सगळे देश त्या यादीत आहेत. त्यातही बाई घरकामासाठी निघाली असेल तर तिचं वय किमान 30 हवं. पुढे 2016 मध्ये अशा बायकांची भरती खासगी एजंटांकडून काढून ठरावीक सरकारी संस्थांकडे दिली गेली. मला हे सगळं फार पटायचं. कुणी पंचविशीतली बाई आली की मी म्हणायचे, ‘तीस पूर्ण नाहीत ना? मग विषयच संपला.’ ती निघून गेली की एका बाईला वाचवल्याचं समाधान मला दिवसभर पुरायचं.

2022 च्या फेब्रुवारीत ती आली. तिचा पासपोर्टचा अर्ज दोन वर्षांपूर्वी मीच भरला होता. नववीत शाळा सुटलेली, म्हणून ईसीआर. तेव्हा ती म्हणाली होती, ‘काढून ठेवते काकू, कधी लागला तर.’ आता ती सत्तावीस वर्षांची होती, दोन मुलांची आई. नवरा टेम्पोवर हमाली करायचा. मणका दुखावल्यापासून तो घरीच होता. चार घरची कामं करून हिला महिन्याला दहा हजारही हाती येत नव्हते आणि दर आठवड्याला फायनान्सवाल्यांचा हप्ता दारात उभा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी विचारलंच नाही.

तिने एकच प्रश्न विचारला होता. मोबाइलवर एका कागदाचा फोटो होता, तो पुढे करून ती म्हणाली, ‘काकू, हा व्हिसा कामाचा आहे की फिरायचा, ते कसं ओळखायचं?’

मी फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तिचं वय विचारलं, नियम सांगितला आणि म्हटलं, ‘अगं, जाऊच नकोस. मग ओळखायची वेळच येणार नाही.’ मागे तिघं-चौघं उभे होते. तिने मोबाइल पदराआड घेतला, ‘बरं’ म्हणाली आणि गेली. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील.

त्या फोटोत ‘व्हिजिट’ हा शब्द होता. मी तो वाचला असता तर तिला सांगू शकले असते की या कागदावर तिथे काम करायला परवानगी नसते, आणि काम केलं तर कायद्याच्या नजरेत चूक मालकाबरोबर तिचीही धरली जाते. सांगू शकले असते की नोकरीच्या मंजुरीबरोबर जो दहा लाखांचा विमा मिळतो तो या वाटेने जाणाऱ्याला मिळत नाही, आणि तिच्या नावाचा नोकरीचा करार कोणत्याही सरकारी नोंदीत असणार नाही. हे सगळं मला पाठ होतं. पुरुषांना मी ते रोज सांगत होते.

त्याच वर्षाअखेरीस माझा भाचा जर्मनीला एमएससाठी निघाला. नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना आधीच्या शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं होतं आणि सगळ्यांची धावपळ उडाली होती. मी रात्री जेवणं झाल्यावर त्याच्याबरोबर लॅपटॉपसमोर बसायचे. तिथल्या राहण्या-खाण्याच्या खर्चासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,208 युरो दाखवायचे म्हणजे किती रुपये, ते रोजच्या भावाने मांडायचे. आरोग्य विम्याच्या कागदातली बारीक अक्षरं मोठी करून वाचायचे. त्याला मी एकदाही म्हटलं नाही, ‘कशाला जातोस? शिकायला इथे कॉलेजं कमी आहेत का?’ त्याचं जाणं मला स्वप्न वाटत होतं आणि तिचं जाणं हाव. त्याच्या वडिलांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं, तरीसुद्धा.

ती मस्कतमध्ये होती तेव्हा आम्ही हे करत होतो.

2023 च्या फेब्रुवारीत, बरोबर वर्षाने, ती दुकानात आली. मुलीच्या शाळेसाठी रेशनकार्डाची झेरॉक्स हवी होती. मला ओळखायला क्षणभर लागला. बारीक झाली होती, आणि उजव्या मनगटावर भाजल्याचा लांब डाग होता. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी विचारलं, ‘कुठे होतीस?’ तिने सरळ सांगितलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

एजंटने एप्रिलमध्ये तिला व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवलं. परतीचं तिकीट दाखवायला दिलं होतं. कुणी विचारलं तर बहिणीकडे चाललेय असं सांगायचं, हे पढवलं होतं. तिथे एका खोलीत सहा बायकांबरोबर आठ दिवस, आणि मग गाडीने ओमानमध्ये. घरात अकरा माणसं. पासपोर्ट पहिल्याच दिवशी मालकिणीकडे गेला, फोन दुसऱ्या आठवड्यात. पहाटे पाचला उठायचं आणि घर झोपेल तेव्हा झोपायचं. पगार तीन महिने मिळाला, मग थांबला. घरी जायचं म्हणाली तर उत्तर आलं की एजन्सीला बाराशे रियाल दिलेत, ते परत कर आणि जा. शेजारच्या घरी एक मलयाळी ड्रायव्हर होता. कचरा टाकायला गेल्यावर त्याच्याशी चार शब्द व्हायचे. त्याने एका शुक्रवारी तिला भारतीय वकिलातीच्या दारापर्यंत सोडलं. तिथून पुढे कागदपत्रांना दोन महिने गेले. तिकीट वकिलातीनेच समुदाय कल्याण निधीतून काढून दिलं.

मी ऐकत होते, आणि खरं सांगते, आत कुठेतरी मला बरोबर ठरल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं होतं ना, जाऊ नकोस. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी उच्चारलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते तिने वाचलं असावं. कारण ती झेरॉक्सचे कागद गोळा करता करता म्हणाली:

‘तुम्ही नाही म्हणालात काकू. मग मी एजंटला विचारलं. तो माझ्याशी दोन तास बोलला. चहा पाजला. कागदावर लिहून दाखवलं, पगार किती, सुट्टी कधी. सगळं खोटं होतं. पण मला कुणीतरी समजावून सांगतंय असं तरी वाटलं.’

दहा रुपयांची नोट काउंटरवर ठेवून ती निघाली. सुटे पैसे द्यायला मी उठलेच नाही.

तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी स्वतःचा बचाव केला असता. पण ती तक्रार करत नव्हती. पाऊस कधी सुरू झाला हे सांगावं तसं ती सांगत होती की मी दार लावलं आणि उघड्या असलेल्या दुसऱ्या दारातून ती गेली. त्या रात्री यांनी दोनदा विचारलं, बरं नाही का? मला ती दोन मिनिटं पुन्हा पुन्हा दिसत होती. तिने मला ‘जाऊ का’ असं विचारलंच नव्हतं. जायचं की नाही हे तिचं ती ठरवून आली होती, हप्त्यांचा हिशोब करून, मुलांना आईकडे ठेवायची सोय लावून. तिला फक्त एक कागद वाचायला यायला हवा होता. मी तिला कागद न शिकवता नियम ऐकवला, आणि तो नियम ऐकवताना मला कशाची काळजी होती? तिची? मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. उत्तर मला आवडलं नाही. मला माझे हात स्वच्छ ठेवायचे होते. उद्या काही वाईट झालं तर त्यात माझा सहभाग नको, एवढंच. तिला वाचवल्याचं समाधान मी घेत होते, आणि ती कशात चालली आहे याची चौकशी करायची तसदी घेत नव्हते. याला मी चौदा वर्षं सल्ला म्हणत आले.

आणि त्याखाली अजून एक गोष्ट होती, ती लिहायला जास्त जड जातं. माझ्या स्वतःच्या घरी वीस वर्षं एक बाई भांडी घासायला येते. ती सुट्टी मागते तेव्हा माझ्याही कपाळावर आठी येते. घरकाम करणारीने आपल्या कामाला कुठे जास्त पैसे मिळतात हे शोधणं मला उद्धटपणा वाटत होतं. भाच्याने तेच केलं तेव्हा मी पेढे वाटले.

तीस वर्षांच्या नियमाबद्दल आजही माझं मन एका बाजूला झुकत नाही. तो ज्यांनी केला त्यांना बायकांचे हाल माहीत होते. पण नियमामुळे गरज थांबत नाही. पुढचं दार बंद झालं की बाई व्हिजिट व्हिसाने, दुसऱ्या देशातून वळसा घालून जाते, आणि मग तिच्या नावाचा एकही कागद कुठे नसतो. मी पासपोर्टवरच्या त्या शेऱ्याला कुंपण समजत होते. व्हिजिट व्हिसावर निघालेल्याला ती मंजुरी लागतच नाही, हे माहीत असूनही समजत होते.

आता मी बसवते. कुणीही असो, काउंटरच्या आत स्टूल आहे. वय कमी असेल तर नियम सांगते, तो का आहे तेही सांगते, आणि मग थांबत नाही. व्हिसाच्या कागदावर ‘एम्प्लॉयमेंट’ कुठे लिहिलेलं असतं आणि ‘व्हिजिट’ कुठे, ते बोट ठेवून दाखवते. एजंटचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर टाकून तिच्यासमोर तपासते. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते, हे ऐकून बायका माझ्याकडे पाहत राहतात, कारण त्यांच्याकडे लाखाच्या वर मागितलेले असतात. दोन वर्षांच्या विम्याला 275 रुपये पडतात, हेही कुणी सांगितलेलं नसतं. वकिलातीचा नंबर मी मोबाइलमध्ये सेव्ह करू देत नाही, पाठ करून घेते. मोबाइल काढून घेतात.

मागच्या पावसाळ्यात सव्वीस वर्षांची एक मुलगी तासभर बसली, सगळं लिहून घेतलं, ‘विचार करते’ म्हणाली. ती गेली की राहिली मला माहीत नाही. मी तिला थांबवलं नाही. त्या रात्रीही मला झोप लागली नाही.

आणि मस्कतहून परतलेली ती? ती या वर्षी तीस पूर्ण करते. तिला पुन्हा जायचंय. हे तिने सांगितलं तेव्हा जुनं ‘अगं, नको’ माझ्या घशापर्यंत आलं. तिने सगळं ठरवलं होतं. कुणाच्या घरात नाही, एखाद्या कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकाला. त्यासाठी आधी दहावी. शाळेत न जाता परीक्षेला बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरला. दुपारी कामं आटोपून ती दुकानात येते आणि कोपऱ्यात बीजगणित सोडवते. पास झाली की पासपोर्टवरचा ईसीआर निघेल. तो निघाला की मंजुरीची अट जाईल, आणि त्याबरोबर करार तपासणारी सरकारी नजरही जाईल. हे मी तिला सांगितलं. तिने पुस्तक बंद केलं.

‘मग करार आपणच तपासायचा,’ ती म्हणाली. ‘तो कुठल्या भाषेत असतो काकू?’

‘अरबी आणि इंग्रजी.’

तिने वहीचं शेवटचं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. पहिला शब्द मी ‘वेजेस’ लिहिला, देवनागरीत, आणि त्यासमोर ‘पगार’. मग ‘वर्किंग अवर्स’. मग ‘पासपोर्ट कुणाकडे राहील’ हे कसं लिहिलेलं असतं, ते शोधत बसलो.