पुसता न येणारी पाटी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या संगणकातील सॉलिड स्टेट डिस्क आजारी पडली. जुने सारे वाचता येई. नवे मात्र एक अक्षर लिहिता येईना. वॉरंटीचे दीड वर्ष शिल्लक होते. अकोल्याच्या विक्रेत्याने सांगितले, ‘घेऊन या, बदलून मिळेल.’ जुनी डिस्क अर्थातच परत मिळणार नव्हती.

डिस्कवरील मजकुराची दुसरी प्रत माझ्यापाशी होती. म्हणजे तो हरवण्याचे भय नव्हते. भय होते ते, तो नाहीसा होत नसल्याचे. दर्यापूर आणि मूर्तिजापूर तालुक्यांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींशी मी आणि माझ्या विद्यार्थिनीने केलेली संभाषणे तीवर होती. ‘तुमचे नाव बाहेर जाणार नाही,’ असा शब्द आम्ही प्रत्येकीला दिला होता.

पाटी ओल्या फडक्याने पुसावी तशी ही डिस्क पुसता येत नाही. एखाद्या फाइलवर आपण पुन्हा लिहितो तेव्हा डिस्कमधील नियंत्रक नवा मजकूर दुसऱ्याच जागी ठेवतो. जुना काही काळ तसाच राहतो. पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. शिवाय काही राखीव जागा आपल्याला दिसतही नाही. म्हणून संपूर्ण पुसण्याची आज्ञा नियंत्रकालाच द्यावी लागते. ती तरी तो पाळतो का? २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी अशा डिस्क तपासल्या, तेव्हा एकीने काम फत्ते झाल्याचे कळवले होते आणि आतली माहिती जशीच्या तशी होती. माझ्या डिस्कने आज्ञाच नाकारली. मला तीवर लिहिता येत नव्हते, म्हणून पुसताही येत नव्हते. वाचायला मात्र ती कोणालाही मोकळी होती.

साहित्याचे शिक्षण आपल्याला जपायला शिकवते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे नाव घेतले की म्हाइंभटांचे लीळाचरित्र आठवते. मूळ पोथी नाहीशी झाल्यावर ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करणारे शिष्यही आठवतात. पण याच परंपरेने पुढे सकळ लिपीही वापरली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी तिचा उलगडा करीपर्यंत पोथी परक्या हाती पडली तरी वाचली जात नव्हती. मजकूर टिकावा आणि तो उघडाही पडू नये, अशी दुहेरी काळजी तिथे लिहितानाच घेतलेली होती.

मी ती घेतली नव्हती. डिस्क पहिल्या दिवशीच कूटबद्ध केली असती, तर परवलीचा शब्द ठाऊक नसलेल्याला ती मुकी राहिली असती. मजकूर भरल्यानंतर कुलूप लावण्याने पूर्ण खात्री मिळत नाही. आधीच्या उघड्या प्रती राखीव जागेत उरू शकतात. आता तर तेही शक्य नव्हते.

तरीही मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो. दुकानातील तरुणाला अडचण सांगितली. तो हसला. ‘सर, कोन पायते जी ते!’ त्याच्या बोलण्यात कपट नव्हते, आणि बहुधा ते खरेही होते. पण बायांना दिलेल्या शब्दात ‘बहुधा’ नव्हता. मी पावती आणि डिस्क दोन्ही पिशवीत घालून परतलो. काही हजार रुपयांवर पाणी सोडले.

चुंबकाचा या डिस्कवर परिणाम होत नाही. नुसते आवरण फोडूनही भागत नाही. आतील प्रत्येक स्मृतिचिप फोडावी लागते. विद्यार्थिनीने डोळ्यांवर चष्मा चढवला, मी हातोडी घेतली. चार काळे चौकोन होते. एकेक फोडताना ती तालुक्यातील गावांची नावे मनातल्या मनात मोजत असावी. चौथ्यानंतर म्हणाली, ‘सर, दुसरी प्रतही कुलपाविनाच आहे.’

त्या रात्री आम्ही आधी नव्या डिस्कला कुलूप लावले, मग ती प्रत तीवर उतरवून घेतली.