दीड किलोचा राखणदार

पुतण्याने सॅकमधून ती बंदूक काढली तेव्हा मी ओसरीवर फवारणीच्या पंपाचा वायसर बदलत बसलो होतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळची वेळ. पोरगा रात्रभर महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसून मलकापूरला उतरला आणि तिथून धामणगाव बढ्याला आला. चहाच्या आधीच त्याने ती काळी वस्तू माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, “काका, तुमच्या वानरांवर औषध आणलंय.”

माझी बायको कप घेऊन बाहेर आली, तिने ते पाहिलं आणि कपासकट आत परत गेली.

दोष माझाच. फोनवर दर आठवड्याला मी वानरांचं रडगाणं गात होतो. आमचं शेत अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे तोंड करून आहे. रात्री रोही आणि रानडुकरं, दिवसा काळ्या तोंडाची वानरं, अशी पाळी लावलेली. तूर शेंगेवर आली की तीस-चाळीसचा कळप उतरतो. वानर खातं कमी आणि नासतं जास्त. शेंग तोडायची, एक दाणा चावायचा, टाकून द्यायची, तोवर फांदी मोडलेली असते. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर शेती करू म्हणालो, ती करताना निम्मा वेळ “हो ऽ हो ऽ” ओरडण्यात जातो.

पुतण्या पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर एअरसॉफ्ट खेळतो. दोन गट, डोळ्यांवर जाड गॉगल, तोंडावर जाळी, आणि प्लास्टिकच्या गोळ्यांची लढाई. हा खेळ जपानचा. तिथे खरी बंदूक बाळगणं जवळपास अशक्य, म्हणून १९७० च्या दशकात हौशी लोकांसाठी हुबेहूब दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका निघाल्या. १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने विजेवर चालणारी काढली आणि खेळ जगभर गेला. त्याने आणलेली होती ती जर्मन एमपी५के या सबमशीनगनची नक्कल. आपल्या एनएसजीच्या कमांडोंच्या हातात दिसते ती एमपी५, तिचं हे १९७६ सालचं धाकटं भावंड. नावातला ‘के’ म्हणजे कुर्झ, जर्मन भाषेत आखूड. आणि खरंच आखूड. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजली तर हातभरही भरली नाही. वजन दीड किलोच्या आसपास.

मी ३२ वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे आधी आत काय आहे ते बघितलं. जवळपास माझ्या पंपात जे आहे तेच. एक नळकांडं, त्यात दट्ट्या, दट्ट्यामागे स्प्रिंग. मोटर दातेरी चाकं फिरवते, चाकं दट्ट्या मागे ओढतात, सोडतात, हवा दाबली जाते आणि गोळी सुटते. हे सेकंदाला बारा-पंधरा वेळा. नळीच्या मागच्या टोकाशी, गोळी आत शिरते तिथे, वरच्या अंगाला रबराची एक गाठ असते. गोळी तिला घासून निघते आणि उलटी फिरत जाते, त्यामुळे हवा तिला उचलून धरते. क्रिकेटमध्ये फिरकीवाले जे बोटांनी करतात ते इथे रबर करतं. मला ती गाठ फार आवडली. वर्गात असतो तर तास त्याच्यावरच घेतला असता.

दुपारी खळ्यावर चाचणी घेतली. खोक्याचा पुठ्ठा बाभळीला टांगला आणि मी पावलं मोजत मागे गेलो. दहा पावलांवरून गोळी पुठ्ठ्यात रुतली. वीस पावलांवरून खळगा पाडून खाली पडली. चाळीस पावलांवरून लागली तर टिचकी मारल्यासारखी, आणि लागायची ती चारातली एक. वाऱ्याची झुळूक आली की गोळी चक्क वाट सोडून तुरीत शिरायची. शिरणारच, वजन २० सेंटिग्रॅम! पुतण्याने सांगितलेला वेग सेकंदाला १०० मीटर. मी बियाण्याच्या पावतीमागे गणित मांडलं, उत्तर आलं एक ज्यूल. पेरू हातभर उंचीवरून पडला तर साधारण तेवढीच ऊर्जा होते.

“नळी आखूड म्हणून असं होतं का?” मी विचारलं.

“नाही काका, सगळे तसंच समजतात. पल्ला स्प्रिंगवर आणि त्या रबरावर असतो. आखूडपणाचा तोटा वेगळाच आहे.” आणि त्याने पुढचा भाग उघडून दाखवला. अंगच लहान, तर बॅटरी ठेवायला जागा कुठून आणणार? बोटाएवढी बॅटरी वायरीसकट कोंबून बसवावी लागते. झाकण लावताना त्याची जीभ दातांखाली आली होती. शिवाय खांद्याला टेकवायला दस्ता नाही, म्हणजे नेम हातांच्या भरवशावर. मॅगझिनमध्ये दोनशे गोळ्या मावतात, पण त्या चावी देऊन वर चढवाव्या लागतात, आणि चालताना सगळं मॅगझिन लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखं वाजतं. घोडा दाबून धरला तर दोनशे गोळ्या पंधरा सेकंदांत खलास. त्या गोळ्या मोताळ्याला मिळत नाहीत, मी विचारून आलो. दुकानदाराने मला छर्रे दाखवले, मग मोत्याची माळ दाखवली.

गुण नव्हते असं नाही. वजन नाही, दारू नाही, जाळ नाही, धूर नाही. तुरीच्या दोन ओळींतून वाकून जाताना कुठे अडकत नाही. झोपडीच्या दारात उभं राहून चटकन इकडून तिकडे वळवता येते. पुतण्याच्या खेळात याच गोष्टीला भाव आहे. बंद खोलीत शिरताना लांब बंदुकीची नळी माणसाच्या आधी आत जाते आणि घात करते. ही अंगाशी चिकटून राहते, शेवटपर्यंत दिसत नाही.

संध्याकाळी आमचे जमादार आले. राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले, दोन घरं सोडून राहतात. त्यांच्या हातात बंदूक दिली आणि मी एक गोष्ट पाहिली. बाकी सगळ्यांनी ती हातात घेऊन आधी कुणावर तरी रोखली होती, अगदी सरपण घेऊन आलेल्या पोट्ट्यानेसुद्धा. जमादारांनी नळी जमिनीकडे केली, मॅगझिन काढून मांडीवर ठेवलं, आत बोट घालून पाहिलं आणि मगच तोंड उघडलं.

“आमच्याकडं कारबाईन होती. कानपूरची. मॅगझिन असं डाव्या अंगाले निघे, मांडीले टोचे. पण दुरून दिसे ना, का शिपाई उभा हाय. ह्ये काय हाय? ह्ये तं चोराचं हत्यार झालं.”

पुतण्या म्हणाला, खेळणं आहे, परवाना लागत नाही.

“कोण म्हने?” जमादारांनी नळीचं तोंड दिव्याकडे केलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत हवेच्या बंदुकीला परवान्यातून सूट आहे, पण ती २० ज्यूलपर्यंतच्या जोराला आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीला. हिचा जोर एक ज्यूल, पण गोळी ६ मिलिमीटरची. पुतण्याने मोबाइल काढला, वाचलं आणि गप्प राहिला. त्या नळीच्या टोकाला नारिंगी रंगाचं टोपण होतं तेही त्याने काढून टाकलेलं. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीला ते सक्तीचं आहे, खरी आणि खोटी ओळखू यावी म्हणून. याला ते ‘शोभत नाही’ असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वानरं आली. मी आधीच बजावलं होतं की एकाही जनावराच्या अंगाला गोळी लागता कामा नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जखमी करणं हीसुद्धा शिकारच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी शनिवारी मारुतीला तेल घालणारी माझी बायको मला घरात घेणार नाही. तेव्हा ठरलं की कळपाच्या अलीकडच्या पानांवर मारायचं.

त्याने घोडा दाबला. तुरीच्या पानांवर गारांसारखी तडतड झाली. कळप दचकला, आठ-दहा जण बांधापर्यंत पळाले. मी म्हटलं, चला, जमलं. मग हुप्प्याने मान वळवून बघितलं. मोठा आवाज नाही, दगड नाही, धूर नाही, कुत्रं नाही. मोटरची नुसती घुर्र घुर्र, शिवणयंत्रासारखी. तो सावकाश परत आला, खाली बसला आणि मातीतली एक पांढरी गोळी दोन बोटांत उचलली. हुंगली. दाढेत धरून चावून बघितली. मग ती टाकून दिली आणि शेजारची शेंग तोडली. पुतण्याने पुन्हा मॅगझिन भरेपर्यंत कळप जागेवर आला होता. तिसऱ्या फैरीला कुणी मान वर केली नाही.

इथवर हसण्यासारखं होतं. घडायचं ते पुढच्या दिवशी घडलं.

शेजारच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती, दहा-बारा बाया. पुतण्या सकाळी एकटाच निघाला. थंडी म्हणून मफलर तोंडाला, खेळाच्या शिस्तीप्रमाणे डोळ्यांवर काळा गॉगल, आणि गळ्यात पट्ट्याने अडकवलेली ती बंदूक जॅकेटच्या आत. तुरीतून तो बांधावर निघाला आणि जॅकेटची चेन उघडली. पहिल्या बाईने पाहिलं, तिने कापसाचा पालव सोडला आणि “ओ माय वं!” म्हणत धूम ठोकली. मग सगळ्याच. एकीच्या पायात पऱ्हाटीचं खुंट घुसलं. वेचलेला कापूस ओळीभर मातीत सांडला. मी पोचलो तेव्हा पुतण्या बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होता आणि “खोटी आहे, खोटी आहे” असं ओरडत होता, त्यामुळे तो आणखीच भयंकर दिसत होता.

त्या दिवशी वेचणी झाली नाही. बायांचा रोज मी दिला, खुंट लागलेलीला दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तिने परतताना गाडीवर मागून मला सांगितलं, “गुर्जी, तुमच्या घरचा पोरगा हाय हे आमाले काय ठावं? तोंड झाकेल, डोये झाकेल, अन् कोटातून बंदूक काढली. मले तं लेकरंच आठोले.”

रात्री पुतण्या जेवला नाही. मला क्लीव्हलंडची गोष्ट आठवत होती. अमेरिकेतलं शहर, नोव्हेंबर २०१४. तामिर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्टचं पिस्तूल घेऊन खेळत होता, त्यावरचं नारिंगी टोपण निघालेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत एकाने गोळी झाडली. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. पुतण्याला ती मी तेव्हा सांगितली नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये कुणी सॅक उघडायला लावली असती तर, एवढंच विचारलं. तो म्हणाला, “सांगितलं असतं की खेळणं आहे.” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “सांगायला वेळ मिळाला असता तर.”

खरं म्हणजे तिचा गुण तोच दोष होता. ती बनवलीच आहे अंगाशी लपवायला, आणि राखणीचं काम अगदी उलटं. राखणदार लांबून दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. म्हणून तर बुजगावण्याचे हात पसरलेले असतात.

आवाजाचं म्हणाल तर शेजाऱ्याकडे कार्बाइडची नळी होती. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइडचा खडा, थोडं पाणी, मागे गॅस पेटवायचं लायटर. ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि धडाका असा की वानरं दोन दिवस फिरकत नाहीत. पण २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशाकडे हीच नळी पोरांच्या हातात फटाका म्हणून गेली आणि शंभराहून जास्त जणांचे डोळे जखमी झाले, कित्येकांची दृष्टी गेली. नळी पेटली नाही की पोरगं आत डोकावून बघतं, आणि वायू नेमका तेव्हाच पेटतो. शेजाऱ्याने ती बातमी वाचून नळी कोयत्याने तोडली. त्या माणसाबद्दल मला आदर आहे.

पुतण्या जायच्या आदल्या दिवशी बायकोने माळ्यावरून तिच्या सासूची गोफण काढली. अंबाडीच्या दोरीची, मधला खळगा वापरून गुळगुळीत झालेला. माझी आई मचाणावर उभी राहून ज्वारीवरची पाखरं हिने उठवायची. पुतण्याने गोटा भरला आणि पहिल्याच फेऱ्यात स्वतःच्या पाठीत मारून घेतला. बायकोने घेतली. तीन फेरे, दोरीचं एक टोक सुटलं, चाबकासारखा कडाका उठला, आणि गोटा पार नाल्यापलीकडे गेला. पलीकडच्या आंब्यावरून वानरं उतरून डोंगराकडे निघाली. मी सवयीने गणित केलं. पन्नास ग्रॅमचा गोटा, वेग सेकंदाला तीस मीटर धरला तरी साडेबावीस ज्यूल. म्हणजे हवेच्या बंदुकीची मर्यादा माझी आई रोज ओलांडत होती, लुगड्याचा काष्टा मारून.

बंदूक पुतण्या परत घेऊन गेला, टोपण शोधून लावून. या वेळी सुट्या भागांत, कपड्यांत गुंडाळून नव्हे तर खोक्यात, बिलासकट.

मार्चमध्ये हरभरा त्याच खळ्यावर काढला. पुठ्ठा टांगला होता ती बाभूळ खळ्याच्या कडेलाच. बायको सुपात हरभरा पाखडायला बसली, आणि फोलपट उडालं तरी पांढरे गोल दाणे काही जाईनात. चाळणीतूनही पडेनात, माप जवळपास हरभऱ्याचंच. एकेक निवडून तिने वाटीत जमा केले. वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “तुमच्या पुतण्याले पाठवून द्या. त्याचं बियाणं हाय.”